भांगाची भरती

उन्मेष, नॉरिच ते अल्व्हर्स्टन
एका तिकिटात घेतलं तर एकशे अठरा पौंड,
तुकडे केले तर एकसष्ट.
म्हणून रात्री साडेअकराला
मी तुझे तुकडे करत बसलेय.
नॉरिच ते ईली. ईली ते नॉटिंगहॅम.
नॉटिंगहॅम ते मँचेस्टर,
आणि तिथून माझ्यापर्यंत.
मँचेस्टर येईतो तू जागचा हलायचं नाहीस.
गाडी थांबेल, एक तिकीट संपेल,
दुसरं सुरू होईल,
तुला कळणारही नाही
तू कुठे कुठे सांधला गेलास.

वर मिसेस पोस्टलथवेटनी रेडिओ बंद केला.
हीटर तर दहालाच विझतो.
मी तुझा करडा स्वेटर घातलाय,
गेल्या खेपेला विसरलास तो.
विसरला नव्हतास.
मीच तो वॉशिंग मशीनमध्ये कोंबला होता
आणि स्टेशनवर चेहरा सरळ ठेवून विचारलं होतं,
सगळं घेतलंस ना?

आपलं दोघांचं रेलकार्ड समोर आहे,
दोन फोटो शेजारी शेजारी,
तुझी कॉलर एका बाजूने उभी.
सवलत आहे,
पण दोघं एकाच गाडीत असतील तर.
एकमेकांकडे जायचं असेल
तर पूर्ण भाडं.

शेवटच्या तुकड्यापाशी स्क्रीन विचारते: परतीचं हवं?
फक्त एक पौंड जास्त.
तुला इथवर आणायला एवढी बेरीज-वजाबाकी,
आणि परत धाडायला
ट्रॉलीत अडकवायचं ते एक नाणं.

खिडकी डाव्या बाजूची धरलीय.
आर्नसाइडच्या लांबलचक पुलावर गाडी येते
तेव्हा खाली पाणी असावं,
तू काचेला नाक लावावंस,
एवढंच माझ्या मनात होतं.
मी गुहागरची. घड्याळ कळायच्या आधी
मला भरती-ओहोटी कळायला लागली.
अष्टमीला भांग, अवसेला उधाण,
बाबा तिथी विचारून गळ टाकायचे.
फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं:
येता शनिवार, अष्टमी.
म्हणजे भांगाची भरती.
पाणी येतं, पण मनावर घेत नाही,
काठाच्या गवताला शिवायच्या आत मागे वळतं.
मैलभर नुसता चिखल,
आणि खाऱ्या गवतात मेंढ्या.

त्यापुढच्या शनिवारी अवस.
पूल पाण्यावर ठेवल्यासारखा दिसेल.
पण उधाण भर दुपारी बाराला,
तुला पहाटेची पहिली गाडी धरावी लागेल
आणि तेरा पौंड वर.
तेराचं काही नाही.
पण सात दिवस.
सात दिवस दातांच्या दवाखान्यात
मी लोकांना सांगत राहणार,
उघडा, अजून थोडं, अजून,
आणि स्वतः मिटलेली राहणार
शिंपलीसारखी, चाकूने उघडावी लागते तशी.

जागा धरून ठेवायला दहा मिनिटं दिली होती,
आता चारच उरलीत. स्क्रीनवर आकडे पळतायत.
साडेतीन.

ये बाबा. या शनिवारीच ये.
चिखल बघ.
समुद्र काय, असतोच इथे,
पुन्हा कधी दाखवीन.

तर नीट ऐक.
मँचेस्टरला चौदा नंबरवर उतरशील.
पुढची गाडी तिथेच येते. हलू नकोस.
बावीस मिनिटं आहेत म्हणून
कॉफी आणायला जाऊ नकोस,
मागच्या वेळी तू गेलास
आणि मी इथल्या बाकावर
दोन तास घड्याळाशी भांडत बसले.
पोळ्या करून घेतल्यास तर दोन जास्त कर,
इथलं पीठ अजून माझं ऐकत नाही.
परतीचं काढलं नाही.
पौंड टेबलावर ठेवलाय, सोमवारी बघू.

आणि थंडीचं ओझं आणू नकोस.
स्वेटर इथे आहे.
फक्त मागू नकोस.