कुंभारणीचं घर

आधी चाकांना ओंडके लाव, बाळनाथ.
सुटत नाही म्हणून तू खाली शिरशील
आणि नेमका तेव्हाच सुटेल.
लोखंडाला वेळकाळ नसतो.

विल्होळीच्या यार्डात द्राक्षांचा हंगाम संपल्यापासून
हा ट्रेलर नुसता उभा. गवत एक्सलपर्यंत चढलेलं.
आज खैरनारने घोडा जोडला,
गेटाशी पहिला ब्रेक मारला
आणि तिथेच बसकण.
निम्मा आत, निम्मा रस्त्यावर,
मागे कांद्याच्या गाड्या हॉर्न धरून.

घड्याळ बघ. आठ किलो. कंप्रेसरचा दोष नाही.
कपलिंगवर साबणाचं पाणी सोड. फुगा आला?
नाही ना.
टाकीचा नळ उघड: चहाच्या रंगाचं पाणी.
निघू दे तेवढं. पण दुखणं ते नाही.

लोकांना वाटतं, हवा ब्रेक लावते.
उभ्या गाडीला स्प्रिंग धरून ठेवते, रे,
हवा येते ती सोडवायला.
चालत्या गाडीत उलटं:
हवा येऊन धरते, गेली की सोडते.
वीस वर्षं झाली, मला अजून
बोटांवर मोजून बघावं लागतं,
कुणी आलं नाही म्हणून अडलंय
की कुणी गेलं नाही म्हणून.

मागच्या डब्याला पाना लावू नकोस.
आत स्प्रिंग दबा धरून असते. शब्बीरला विचार,
म्हणजे त्याच्या हनुवटीला विचार.
फक्त पुढच्या पाइपाचा नट, अर्धा आटा—

फुस्स.
ऐकलंस? चाकांनी खांदे पाडले.
म्हणजे हवा आत होती. जायला दार नव्हतं.

आता रिले व्हॉल्व्हच्या तोंडाशी बॅटरी धर.
माती. सुपारीएवढी, गुळगुळीत,
बोटाने लिंपल्यासारखी.
कुंभारीण माशी.
नळाखालचा चिखल तोंडात धरून
किती फेऱ्या झाल्या असतील तिच्या,
आणि चाळीस टनांच्या गाडीला पत्ता नाही.

पेचकस तिरका घाल. आलं अख्खं.
आत चार कोळी. मेलेले नाहीत, नुसते हलत नाहीत.
मधे एक पांढरी अळी, खात बसलेली.

खैरनार म्हणतोय, फेक, उशीर होतोय,
सातपूरला ट्रान्सफॉर्मर वाट बघतोय.
बघू दे दोन मिनिटं.
खिळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेव,
वॉचमनच्या खिडकीत.
आणि ह्या तोंडाला जाळी बसव.

नट आवळ. त्याला ब्रेक दाबायला सांग.
सोडायला सांग.
परत दाब. परत सोड.
हो, दर वेळी हाच आवाज आला पाहिजे.
ओंडके शेवटी काढ.