दोन बोटं खिडकी

रात्री अडीचला थंडी नेचेस नदीवरून वर येते
आणि थेट माझ्या बुटांत शिरते.
मी मिनेसोटाचा. थंडीचं कौतुक मला कुणी सांगू नये,
पण टेक्ससची ही ओली थंडी वेगळी,
हाडं कुठे असतात ते हिला बरोबर ठाऊक.

स्मोकर माझा नाही.
हॉलिसनं तो तेलविहिरीच्या भंगार पाइपातून
बत्तीस वर्षांपूर्वी जोडला.
झाकणाची बिजागरी कुरकुरते, तिला तेल घालायचं नाही:
झाकण कुणी उघडलं ते घरात कळलं पाहिजे.

गेली नऊ थँक्सगिव्हिंग मी जावयासारखा आयता जेवलो,
हात पुसायला कागद कुठेय, एवढंच विचारत.
या वर्षी हॉलिसच्या नाकात नळी आहे,
खुर्चीशी ऑक्सिजनचा सिलिंडर,
सिलिंडरवर लाल अक्षरं: आगीपासून दूर.

म्हणून तो स्वयंपाकघरात, काचेमागे,
आणि मी बाहेर, त्याच्या कोटात.
खिशांत अजून पिकनच्या सालीचा चुरा आहे.

काचेतून तो हातानं बोलतो.
तळहात उभा: थांब.
दोन बोटं: दोन ओंडके, तिसरा नको.
मूठ फिरवली: खालची झडप जरा आवळ.
कपाळावर हात: कोरीन, कुणाशी लग्न केलंस गं बाई.

टर्की अजून बादलीत, मीठ-साखरेच्या पाण्यात,
पाय वर करून आपल्या पाळीची वाट बघते आहे.
ब्रिस्केट मात्र एकशे एकसष्टवर येऊन बसलं.
तीनला एकशे एकसष्ट. चारला एकशे एकसष्ट.
साडेचारला एकशे साठ.
मी काट्याला टिचकी मारली.
मांसाला घाम फुटतो
आणि तो घामच त्याला गार ठेवतो,
तो आटेपर्यंत ते जागचं हलत नाही.
हे मी वाचलं होतं.
वाचलेलं पहाटे साडेचारला कामाला येत नाही.

मी आणखी एक ओंडका उचलला.
काचेवर ठकठक. तळहात उभा.
मी मनगट वर करून घड्याळ दाखवलं:
एक वाजता सतरा माणसं जेवायला बसणार.
तळहात तसाच.

मग वारा फिरला.
रात्रभर कुंपणाकडे जाणारा धूर
घराकडे वळला
आणि काचेला नाक लावून उभा राहिला.

हॉलिसनं मागे वळून पाहिलं, ओपल झोपलीय ना.
सिलिंडरची किल्ली फिरवली. बंद.
नळी चष्म्यासारखी कपाळावर ढकलली
आणि खिडकी दोन बोटं वर केली.

मी धावत जायला हवं होतं.
चिमटा धरून तिथेच उभा राहिलो.
त्यानं फटीला नाक लावलं आणि ओढला.
खोकला. डोळ्यांत पाणी. पुन्हा ओढला.
"उजवीकडचा ओंडका ओला आहे," बसक्या आवाजात म्हणाला,
"काढ तो. वरचं कवच धरतंय आता. अर्ध्या तासात हलेल."
फट मिटली.

बावीस मिनिटांनी: एकशे बासष्ट.

दुपारी टेबलाशी जागा पुरली नाही, पोरं पायरीवर बसली.
टर्कीची तंगडी टेसनं कधीच पळवली होती.
ब्रिस्केट सुरीखाली नुसतं वाकत होतं,
काळी कड, कडेच्या आत गुलाबी रेघ.
हॉलिसच्या ताटात डॉक्टरांचे अळणी वाटाणे
आणि रताळ्याखाली मी लपवलेली
पेराएवढी काळी कड.
त्यानं ती चावली नाही. गालात धरून ठेवली.

ओपलनं पडद्याचं टोक नाकाशी नेलं.
"याला धुराचा वास कसा? खिडकी कुणी उघडली?"
हॉलिस वाटाणे मोजू लागला.
"वाऱ्यानं," मी म्हणालो.

तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं
आणि पडदा काढायला स्टूल आणायला गेली.

टेबलाखालून दोन बोटं वर आली.
मी रताळ्यांचं भांडं जवळ ओढलं.