नावापुरती जागा

एली कॅल्माकॉफ दुकानात शिरला
आणि आधी मागे वळून पाहिलं त्यानं.
तीस वर्षांची सवय.
मग दार लोटलं, बूट पुसले,
म्हणाला, टिल्डा, लेबलं छापून हवीत.

माझा छापखाना स्लोकन दरीतला:
लग्नाची आमंत्रणं, अंत्यविधीची पत्रकं,
चेरीच्या मुरंब्याच्या चिठ्ठ्या,
हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो.
गांजासाठी मी कधी शाई उघडली नव्हती.
त्याला तेव्हा कागदच लागत नसे;
वाण्याची तपकिरी पिशवी, वर गाठ,
आणि देवदारांवरून हेलिकॉप्टर घरघरलं
की सगळी दरी एकदम टोमॅटोंविषयी बोलू लागायची.

आता परवाना त्याच्या खिशात, चार घड्यांचा,
सोबत नियमांचं बाड.
इशाऱ्याची पिवळी चौकट, एवढी.
तांबडं चिन्ह, याहून लहान चालणार नाही.
अबकारी तिकीट झाकणावर असं,
की फाटल्याशिवाय बरणी उघडू नये.
मी पट्टी लावून मोजलं.
उरलं ते अंगठ्याच्या नखाएवढं.
नावापुरती जागा आहे, मी म्हटलं.
पुरे, तो म्हणाला,
इतके दिवस तेवढीही नव्हती.

बाहेर ट्रकमध्ये ब्रॉन्या बसलेली, गांडूळखतवाली.
दोन पेट्या होत्या तिच्या, गॅरेजात, कपडे धुण्याच्या यंत्रामागे.
एलीनं पहिली मागणी नोंदवली तेव्हा ती हसली होती.
आज अकरा वाफे, दोन पोरी कामाला,
आणि हातांचा वास जात नाही म्हणून
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर.
पलीकडच्या काठावरचे हॅडिकिन बंधू
मधमाश्यांच्या पेट्या बनवायचे;
आता वाळवणाच्या फळ्या बनवतात, खिळ्याशिवाय.
एली चौदा दिवस वाळवतो, अंधारात,
रात्री दोनदा उठून हवा हुंगतो,
तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा.
तिकडे पूर्वेला मैदानाएवढी काचघरं,
तीन दिवसांत वाळवून, यंत्रानं कातरून मोकळी.
त्यांचा माल स्वस्त. त्यांची लेबलं माझ्याकडे येत नाहीत.

सगळं गोड आहे असं नाही.
सरकारी गोदाम साठ दिवसांत पैसे देतं म्हणतं
आणि शंभरावा दिवस उजाडतो.
या मार्चमध्ये ब्रॉन्यानं खत उधार दिलं,
बरण्यावाल्यानं बरण्या,
मी आता कागद देणार आहे.
एका झाडाच्या शेंड्यावर आम्ही सात-आठ घरं,
आणि वारा आहे.

बरं, नाव काय ठेवायचं?
तो बराच वेळ शाईच्या डब्यांकडे बघत राहिला.
म्हणाला, या मालाला लोकांनी नावंच ठेवली आजवर.
नाव कुणी ठेवलं नाही.
मग खिडकीकडे तोंड करून:
रोपं आईच्या जमिनीत सापडली होती. उतारावर.
अकरा महिने आत होती ती.
रोज विचारायचे, कुणाची?
तिनं माझं नाव घेतलं नाही.
भाकरी मागितली, स्तोत्रं म्हटली रशियन,
माझं नाव घेतलं नाही.

मी अक्षरं जुळवली: मार्फाचा उतार.
बसेना.
टाइप लहान केला, आणखी लहान केला,
नियमावलीत पुन्हा पाहिलं.
उतार काढून टाकला.
मार्फा बसलं.

पैसे त्यानं रोख मोजले, निम्मे,
नोटांना ओल्या मातीचा वास.
मी पावती फाडली
तर हात मागे घेतला त्यानं, क्षणभर.
सही इथे, मी म्हटलं.
शाळेतल्या पोरासारखी, जीभ दातांत धरून,
त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

पाचशेतली दोन वाकडी छापली गेली.
फेकून देत होते, तर मागून घेतली.
एक ट्रकच्या आरशावर लावलं.
दुसऱ्याचं मी विचारलं नाही.