पाठमोरी

कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून मी सुरुवात करते.
हसू नका. थुंकीइतकं सौम्य
आमच्या कपाटातल्या एकाही बाटलीत नाही.

दीड वीत रुंद, दोन वीत उंच.
फाटकं जाळं सांधत बसलेली बाई, पाठमोरी.
चित्रकार अज्ञात. लिएपायाच्या बंदरावरचाच कुणीतरी,
चेहरे जमत नसावेत त्याला.
अकरा वर्षं ही बाई बेपत्ता होती
आणि अंगावर धूळ नाही.
हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही.

धूळ नाही, पण चिकटा आहे.
प्रयोगशाळेचं उत्तर आलं : कापूर, मेंथॉल.
पाठीला चोळायचं मलम.
स्काइद्रिते कंबरेखाली लुळी पडली होती, टीव्ही विकला गेला होता,
नवऱ्यानं समोरच्या भिंतीवर हे आणून लावलं.
कुठून, ते तिनं विचारलं नाही.
म्हणायची, सांग ना हिला जरा वळायला.
मग आपणच : नको, राहू दे, कामात आहे ती.
बाईच्या डाव्या खांद्यावर एक अंगठा उमटलाय,
हाक न मारता कुणाला थांबवावं, तसा.

त्याखाली धूर.
आल्डरच्या लाकडाचा, माशांच्या तेलात भिजलेला.
आयवार्स छपरं दुरुस्त करायचा.
म्युझियमची गळती त्यानंच काढली होती,
कुठलं कौल सैल ठेवलं, ते त्यालाच ठाऊक.
रीगाहून गिऱ्हाईक येणार होतं. आलं नाही.
सावकाराची माणसं मात्र वेळेवर आली.
दोन हिवाळे ही बाई धुरीघरात टांगलेली होती,
हेरिंगांच्या माळांमागे,
जाळं हातात घेऊन.

आता वेल्ता.
वरच्या दालनाची राखणदार, एकोणीस वर्षं.
दर रविवारी चारला मुलाचा डब्लिनहून फोन,
तो घ्यायला ती खाली उतरायची. सात मिनिटं.
त्या रविवारी पंचवीस झाली. मुलगा रडत होता.
का रडत होता, पोलिसांनी विचारलं.
ते त्याचं त्याला, म्हणाली.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात,
पण संन्याशाला निदान घरभाडं नसतं.
ती बेकरीत पाव रचत राहिली
आणि शेजारणी तिच्या नव्या पडद्यांची किंमत काढत राहिल्या.

बायकोला पुरून आल्यावर आयवार्सनं चित्र
उशीच्या अभ्र्यात घातलं.
पोलिसांकडे नाही, म्युझियमकडे नाही,
वेल्ताच्या दारात.
घंटी वाजवली आणि पळाला नाही.
पाय पूस, म्हणाली ती.

पुढचं तिनं मला सांगितलं नाही.
एवढंच, की दर गुरुवारी तो तिचं छप्पर बघायला यायचा.
वेल्ता पाच मजली इमारतीत तळमजल्यावर राहते.

आणि चित्र?
दोन वर्षं परत केलं नाही तिनं.
शिक्षा भोगून झालीच होती, म्हणाली,
गुन्हा तेवढा राहिला होता.
दर सोमवारी कोरड्या मऊ फडक्यानं, वरून खाली,
नियमाप्रमाणे पुसत होती.

मग एका गुरुवारी दोघं बसनं आली,
चित्र तिच्या मांडीवर.
तो आत गेला. ती साक्षीला उभी राहिली,
कुणाच्या बाजूनं ते वकिलालाही नीट कळलं नाही.

अहवालात 'नुकसान' असा एक रकाना असतो.
मी काजळी लिहिली. तेल लिहिलं.
अंगठा लिहिला, मग खोडला,
आणि डाव्या खांद्यापुरती जागा सोडून
बोळा पुढे नेला.
उजेड तिरपा आला तरच दिसतं ते.

काल वेल्ता तिकीट काढून आली, निम्म्या दरात.
कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.
नवा राखणदार बावीस वर्षांचा, एका कानात गाणं.
आजी, म्हणाला, ती खुर्ची कर्मचाऱ्यांची आहे.

उठली.
जाता जाता खिडकीची कडी ओढून पाहिली.
चारला पाच मिनिटं कमी होती.