सातवा दात

दहा गिअर, एकशे ऐंशी रुपये, घरपोच.
पाकिटाला गंधकाचा वास येतो,
कुरियरचा पोरगा बेदाण्याच्या गोदामात माल उतरवून
मग माझ्याकडं येतो म्हणून.

पंख्याची कंपनी बुडून वीस वर्षं झाली.
पंखे तासगावात अजून फिरतात.
फिरतात म्हणजे पातं फिरतं,
मान अडकते.
परवा एकजण पंखा काखेत मारून आली, म्हणाली,
"शिकलगारमामा, ह्यो नुसता सासूकडंच बघतोय."

पांढरं प्लॅस्टिक, अठ्ठावीस दात,
एका जागी ठिपका.
ठिपक्यापासून मोजत गेलं
की सातव्या दाताला मिशी.
केसाएवढी.
पण मान तेवढ्यावरच अडखळते,
डावीकडं जाताना टक् करते, थांबते,
काहीतरी आठवल्यासारखं करून
पुढं जाते.

तिकोनी कानस तिरकी धरायची. तीन हात.
चौथा मारला की दात मेला.
डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतं.
भोकही आवळच असतं. सायकलच्या तारेला
पॉलिश पेपर गुंडाळायचा,
कान कोरल्यासारखं हळू फिरवायचं.
मग ग्रीस.

आजा गावोगाव हिंडून विळ्या-कोयत्यांना धार लावायचा,
बाप बाजारात बसून कात्र्यांना.
मी धार काढून टाकतो.
धंदा तोच म्हणायचा.

"परत पाठवा की," जावई म्हणतो,
"रिटर्नला पैसं पडत न्हाईत."
परत काय पाठवायचं?
माल वाईट नाही,
एवढंसं करायचं राहून गेलंय,
आणि तेवढं मला येतं.

सहा वर्षं तोच सातवा दात.
म्हणजे साचा एकच, आणि त्याला तिथं टवका गेलेला.
कुठल्या गावात, ते पाकिटावर नाही,
नुसता लांबलचक आकडा.
पण कुणीतरी तो साचा दिवसभर उघडतं, मिटतं.
त्याच्याही बोटाला टवका माहीत असणार.
मालकाला एकदा सांगितला असेल.
मालक म्हणाला असेल, चालतंय.

बाजाराच्या दिवशी अंगणवाडीच्या मदनेबाई पंखा घेऊन आल्या.
मान फिरत नाही, एकाच ओळीला वारा लागतो,
बाकीची पोरं त्या ओळीत घुसतात, भांडतात.
मी नवं पाकीट फोडलं,
ठिपका, सातवा, कानस, तीन हात,
बाईंशी बोलता बोलता.
नख फिरवलं तर खळगा.

भिंग काढलं.
उरलेले नऊ बघितले एकेक करून.
मिशी नव्हती. भोकंही बरोबर.
मी चांगल्या दाताला कानस मारली होती.

साचा दुरुस्त केला कुणी?
की नवा आणला?
की टवका माहीत असलेला माणूसच
आता तिथं नाही?
बाई म्हणाल्या, "काय झालं वो?"
म्हटलं काय नाही, दुसरा घालतो.

अंगणवाडीचा पंखा आता सगळ्या ओळींकडं बघतो.

तो खरवडलेला गिअर टाकवेना.
माझ्या दुकानातल्या पंख्यात बसवला.
डावीकडं जाताना टक् करतो, थांबतो,
मग येतो माझ्याकडं.
गिऱ्हाईक हसतं. "मामा, तुमचाच पंखा असा?"

मी म्हणतो, चालतंय.