डावखुरा

जांभळी नाक्याकडून चर्चच्या फाटकापर्यंत
पेव्हर ब्लॉक बसतायत, लाल-पिवळे, नागमोडी.
जुनी फरशी टेम्पोत.

एक दगड उलटा निघाला.
पोटावर अक्षरं, मातीनं बुजलेली.
घंटेची दोरी सोडून इनासकाका आले,
चष्मा पुसला:
'पोर्तुगीज असंल. आमच्यात कुणाला येत नाय आता.'

हुलगप्पाला तर कुठलंच वाचता येत नाही.
तो उकिडवा बसला,
खाचांतून करंगळी फिरवत गेला,
छिन्नी निसटली होती तिथं थांबला.

'डावखुरा होता,' म्हणाला. 'आणि घाईत.'

मुकादम ओरडला तशी पहार उचलली.

दगड इनासकाकांनी ठेवून घेतला,
फाटकाच्या आत, बदामाखाली.
संध्याकाळी त्यावर
कुणाची तरी चप्पल वाळत होती.