खारा वारा, मतलई वारा

एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
एसी चोवीसवर ठेवून
मी एसी नसलेलं घर काढतेय.
याचं मला हसू येतं, रोज साधारण साडेतीनला,
चहा येतो तेव्हा.

जागा दापोलीपलीकडे, समुद्रापासून चारशे पावलं.
मालकीणबाई कोथरूडच्या, वृंदा खांबेटे.
त्यांना हवंय काचेचं, मोकळं, आजचं घर
आणि विजेचं बिल असं की रीडिंगवाला लाजला पाहिजे.
काच आणि बिल यांचं जमत नाही,
हे मी तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा जांभ्याचा एक चिरा टेबलावर ठेवला.
त्यांनी त्यावर तळहात टेकला. बराच वेळ.
"गार आहे हो," म्हणाल्या.
या खोलीत सगळंच गार लागतं,
हे मी बोलले नाही.
पश्चिमेची काच निम्मी झाली.

संगणकानं निळे बाण काढून दाखवले:
दिवसा खारा वारा, रात्री मतलई.
सातवीच्या भूगोलातले चार मार्क
एवढ्या वर्षांनी कामाला आले.

तेवढ्यात महादेव पाष्टे गवंड्याचा आवाज फोनवर,
मागे कोंबडा, त्याच्याही मागे समुद्र:
"म्याडम, तुमचे बान बरोबर असतील.
पन आमचा कुत्रा दुपारचा तिथं पडत नाय.
तो पडतो विहिरीकडच्या कोपऱ्यात.
बघा काय ता."

बघितलं.
झोपायची खोली पाच फूट सरकवली,
कुत्र्याकडे.
नकाशात कारण लिहिलं: स्थानिक परिस्थितीनुसार.

हिशेब सुरेख आला. वर्षाचे युनिट इतके थोडे
की मी दोनदा तपासले.
मग लक्षात आलं,
बाई तिथं वर्षातून वीस दिवस राहणार.
कुलूप लावलेलं घर खाणार तरी काय?
आणि ताम्हिणीतून जाता-येता जाळलेलं डिझेल
कुठल्याच रकान्यात बसेना.
मी एक रकाना वाढवला.
खांबेटेबाईंना अजून दाखवलेला नाही.

सगळे गेल्यावर एसी बंद केला,
खिडकीशी गेले. कडी गंजलेली नव्हती,
नुसती कधी कुणी उघडलीच नव्हती.
आधी कर्वे रस्त्याचे हॉर्न आत आले,
मग वडे तळल्याचा वास,
आणि बऱ्याच उशिरानं
थोडासा वारा.
कुठून आला, कळेना.
इथं एखादं कुत्रं असतं
तर विचारलं असतं.